घाम वाळत नाही तेव्हा

वैशाखात नागपुरास माठातले पाणी गार होते आणि मुंबईस, जेथे पारा बराच खाली असतो, ते फारसे निवत नाही. कारण माठातून पाझरलेले पाणी बाष्परूप होताना उष्णता हरण करते, परंतु समुद्रावरील आर्द्र हवा नवे बाष्प सहजी सामावून घेत नाही. मनुष्यदेहाची व्यवस्थाही हीच: घाम निथळल्याने नव्हे, तो वाळल्याने शरीर थंडावते. हवामान खात्यानेही उष्णतेच्या लाटेसाठी कमाल तापमानाची किमान मर्यादा मैदानी मुलखात ४० अंश सेल्सिअस, तर किनाऱ्यावर ३७ ठेवली आहे. म्हणून कोकणाच्या अंदाजात ‘उष्ण व दमट’ हे शब्द दिसताच केवळ पाऱ्याच्या भरवशावर हमालांना भर दुपारी राबवणे मला अक्षम्य वाटते. कारण तेथे रात्रीही हवेतील आर्द्रता ओसरत नाही, आणि दिवसभर शिणलेल्या देहाला उसंत मिळत नाही.