नव्या रंगावरचे चिकट ओघळ

इमल्शन रंगात रेझिनचे कण पाण्यात सुटे राहावेत आणि टायटॅनियम डायऑक्साइडची पूड नीट भिजावी म्हणून सर्फॅक्टंट, म्हणजे साबणाच्या जातीची रसायनं, घालतात. ती नसतील तर डब्यातच गुठळ्या होतील. जास्त झाली तर फेस. मग तो मारायला आणखी एक रसायन! पाणी उडून गेलं तरी ती रंगाच्या थरात उरतात. रंग पुरता वाळण्याआधी दव, भुरभुर पाऊस किंवा बाथरूमची वाफ लागली, की ती पृष्ठभागावर येऊन तपकिरी, चिकट ओघळ उमटतात. गडद छटांवर ते जास्त, कारण रंगछटेच्या पेस्टमध्येही सर्फॅक्टंट असतंच. अशा वेळी लगेच दुसरा हात मारू नका. साध्या पाण्याने पुसून घ्या. एकदोनदा पुन्हा दिसतील, मग थांबतील.