तांबे, अभ्रक आणि लाख

विजेच्या शोधकर्त्यांची चरित्रे आपल्या भाषेत पुष्कळ लिहिली गेली. परंतु १८३१ साली मायकेल फॅरडे याने चुंबकाच्या टोकांमध्ये तांब्याची तबकडी फिरवून अखंड विद्युत्प्रवाह निर्माण केल्यावर, त्या प्रयोगाचे गिरणी चालविण्याजोगे यंत्र होण्यास जी चार दशके लागली, ती कोठे खर्ची पडली याचा हिशेब क्वचितच कोणी मांडला आहे. सिद्धान्त हाती होता. काम अडले होते ते सुट्या भागांपाशी. गाभ्याचे लोखंड तापत होते, तारेवरचे वेष्टण जळत होते, प्रवाह उचलणारे ब्रश ठिणग्या उडवीत झिजत होते. आणि हे तिन्ही दोष ज्यांनी दूर केले त्यांत नामांकित शास्त्रज्ञांइतकाच पत्रा कापणाऱ्या, तार गुंडाळणाऱ्या आणि वार्निश शिजविणाऱ्या अनामिक कारागिरांचा वाटा होता.

हे सारे भाग आजही उघड्यावर पाहावयाचे असतील तर सोलापूरकराला दूर जावे लागत नाही. शहर दक्षिणेकडे विजापूर रस्त्याच्या अंगाने वाढत गेले आणि जुळे सोलापूर या नावाने आज ओळखली जाणारी विस्तीर्ण वसाहत उभी राहिली. तिच्यातील वाण्याच्या, औषधाच्या, शिलाईच्या दुकानांच्या रांगेत मोटर वायंडिंगचे एखादे लहानसे दुकान असतेच, आणि दाराशी उघड्या पोटाच्या मोटरी मांडलेल्या असतात. कोणी विहिरीवरचा पंप आणून टाकलेला असतो, कोणी पिठाच्या गिरणीची मोटर, तर कोणी यंत्रमागाची सुमारे एक अश्वशक्तीची मोटर स्कूटरच्या पायदानावर ठेवून आणतो आणि संध्याकाळपर्यंत मिळेल का म्हणून अजिजीने विचारतो, कारण मोटर बंद म्हणजे माग बंद आणि माग बंद म्हणजे टॉवेलाचा तेवढा ताणा तसाच पडून.

मिस्त्री दोन्ही बाजूंची कव्हरे काढतो, रोटर ओढून बाजूला ठेवतो, आणि जळक्या वार्निशाचा उग्र दर्प दुकानभर पसरतो. मग जे होते ते लक्षपूर्वक पाहण्यासारखे आहे. जुने वायंडिंग छिन्नीने तोडण्यापूर्वी तो स्लॉट किती, एका कॉईलमध्ये वेढे किती, तारेचा गेज कोणता, कॉईल कितव्या स्लॉटातून निघून कितव्यात उतरते, हे सर्व एका तेलकट वहीत टिपून घेतो. तारेची जाडी मायक्रोमीटरने मोजतो, तरी त्याआधी चिमटीत धरून त्याने गेज मनाशी ठरविलेला असतोच. स्लॉट खरवडून स्वच्छ झाले की त्यांत कागदाचे अस्तर बसते, लाकडी फॉर्म्यावर गुंडाळलेल्या कॉईली एकेक तार करून आत सरकविल्या जातात, वरून बांबूच्या तासलेल्या पट्ट्या ठोकून त्यांचे तोंड बंद होते, बाहेर आलेली डोकी सुती फितीने आवळून बांधली जातात, आणि अखेरीस वार्निश ओतून, पोकळीत मोठा दिवा पेटता ठेवून, सगळे सुकविले जाते. ओल राहिली तर मोटर पुन्हा जळून परत येते, म्हणून गिऱ्हाइकाने कितीही तगादा लावला तरी चांगला मिस्त्री सुकविण्याची मुदत कमी करीत नाही. मेगर लावून तारेचा आणि लोखंडाचा कोठे स्पर्श तर होत नाही ना, याची खात्री पटली म्हणजेच कव्हरे पुन्हा चढतात.

या मोटरीच्या रिकाम्या स्टेटरात डोकावून पाहिले तर आतला गाभा अखंड लोखंडाचा नसून अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या शेकडो चकत्यांचा, सोलापुरी कडक भाकऱ्यांच्या चवडीसारखा, एकावर एक रचलेला आढळतो. ही रचना सुचावयास बराच काळ आणि बरेच जळालेले लोखंड लागले. बदलत्या चुंबकक्षेत्रात भरीव लोखंड ठेवले की त्याच्या अंगातच प्रवाहाचे भोवरे उत्पन्न होतात. ते कोणतेही काम करीत नाहीत, केवळ लोखंड तापवितात. फ्रेंच शास्त्रज्ञ फुको याने १८५५ साली हा परिणाम दाखवून दिला होता, आणि त्यावर उपाय निघाला तो लोखंडाचे तुकडे करून त्यांना एकमेकांपासून विलग करण्याचा. झेनोब ग्राम या बेल्जियन कारागिराने, जो मुळात सुतारकाम करीत असे, १८७१ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडलेल्या आपल्या यंत्रात लोखंडी तारेचे कडे वापरले. पुढे तारेची जागा पातळ पत्र्याने घेतली आणि दोन पत्र्यांमध्ये कागद किंवा वार्निश आले. पत्र्याची जाडी निम्मी केली की हा अपव्यय चतुर्थांशावर येतो, हे गणित कळल्यावर सगळा भार पत्रा लाटणाऱ्यावर आणि ठसा कोरणाऱ्यावर येऊन पडला, कारण एका चकतीचा दात जरी रेसभर पुढे आला तरी तार सोलली जाते. विसाव्या शतकाच्या आरंभी रॉबर्ट हॅडफील्ड प्रभृतींच्या संशोधनातून सिलिकनमिश्रित पोलाद आले आणि त्याच आकाराच्या यंत्रातून अधिक काम निघू लागले. आजच्या लहान मोटरीत स्टेटर आणि रोटर यांमधील फट अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असते. बेअरिंग किंचित झिजले तरी रोटर घासू लागतो.

ग्रामच्या यंत्राची एक हकीकत येथे सांगितलीच पाहिजे. १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनात त्याच्या एका जनित्राच्या तारा चुकून दुसऱ्या चालू जनित्राला जोडल्या गेल्या आणि ते दुसऱ्याच्या विजेवर आपोआप फिरू लागले. वीज निर्माण करणारे यंत्र आणि विजेवर चालणारे यंत्र ही एकाच देहाची दोन कामे आहेत, हे त्या दिवशी लोकांनी डोळ्यांनी पाहिले.

परंतु त्या देहाचा सर्वांत नाजूक अवयव म्हणजे फिरत्या कॉईलींचा प्रवाह ब्रशपर्यंत पोहोचविणारा कम्युटेटर. ताणून कठीण केलेल्या तांब्याच्या पाचरीसारख्या पट्ट्या वर्तुळात उभ्या करावयाच्या, प्रत्येक दोन पट्ट्यांमध्ये अभ्रकाचे पान ठेवावयाचे, सर्वांस दोन्ही बाजूंनी कड्यांनी आवळावयाचे आणि मग ती वृत्तचिती लेथवर इतकी गोल करावयाची की वेगाने फिरताना ब्रशला तिचा कंप जाणवू नये. आरंभीचे ब्रश तांब्याच्या तारांचे किंवा जाळीचे असत आणि ते पट्ट्या अक्षरशः खरवडून काढीत. १८८५ साली जॉर्ज फोर्ब्स याने कार्बनचा ब्रश सुचविला आणि त्यानंतरच विजेची ट्राम रस्त्यावर निर्वेधपणे धावू शकली. तरी एक अडचण उरली. अभ्रक तांब्यापेक्षा सावकाश झिजते, म्हणून काही काळाने त्याच्या कडा वर येतात, ब्रश उडू लागतो आणि ठिणग्या पडतात. ही अडचण टाळण्यासाठी पट्ट्यांमधले अभ्रक बारीक करवतीने खोल करून घ्यावे लागते. हे काम हाताने करणारा माणूस श्वास रोखून बसलेला मी पाहिला आहे. दोन पट्ट्यांवर तांब्याचा एक कण आडवा राहिला तरी सगळी मेहनत वाया जाते, हे त्याला कोणत्याही पाठ्यपुस्तकाने शिकविलेले नव्हते.

आता हे अभ्रक कोठून येत होते? आजच्या झारखंडातील कोडर्मा आणि हजारीबाग येथील खाणींतून. तेथील स्त्रीपुरुष आणि मुलेसुद्धा कोयत्याने अभ्रकाचे थर सोडवून कागदाहून पातळ पाने काढीत आणि ती पेट्यांत भरून विलायतेस, जर्मनीस व अमेरिकेस रवाना होत. लहान पाने फुकट जाऊ नयेत म्हणून ती लाखेने चिकटवून मोठे तक्ते करण्याची युक्ती १८९० च्या दशकात प्रचारात आली, आणि ती लाखही छोटा नागपूरच्या पळस-कुसुंबाच्या फांद्यांवरून उतरत असे. विद्युत्युगाच्या उभारणीत हिंदुस्थानचा हात असा अगदी यंत्राच्या गाभ्यापर्यंत पोहोचलेला होता; परंतु आपण द्यावयाचा तो कच्चा माल आणि घ्यावयाचे ते तयार यंत्र, हा परकी अंमलातील व्यापाराचा दंडक येथेही चुकला नाही. १९१५ साली खोपोलीस टाटांचे जलविद्युत्केंद्र सुरू होऊन मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली तेव्हा तेथील यंत्रसामग्री परदेशची होती, आणि तिच्यातल्या अभ्रकापैकी काही आपल्याच भूमीतून गेले असण्याचा संभव पुष्कळ होता. ही गोष्ट मला आजही सलते.

सोलापुरात तर १८७७ पासून जुन्या गिरणीचे भोंगे वाजत होते. एक मोठे वाफेचे एंजिन, त्याच्यापासून निघालेले लांबलचक शाफ्ट आणि प्रत्येक मागावर उतरणारा पट्टा, अशी त्या काळच्या गिरण्यांची रीत असे. एंजिन थांबले की अवघे खाते थांबे. प्रत्येक मागास स्वतःची मोटर मिळाल्यावरच माग गिरणीच्या भिंतीबाहेर पडून घराघरांच्या मागील खोलीत बसू शकला, आणि सोलापुरी चादरीचा व टॉवेलाचा आजचा पसारा त्या लहान मोटरीवाचून कल्पिताच येत नाही.

त्या मोटरी आपल्याकडे घडू लागल्या त्या उशिराच. कर्नल क्रॉम्प्टन, जो तरुणपणी हिंदुस्थानात लष्करी चाकरीवर असताना रस्त्यावरील वाफेच्या गाड्यांच्या खटपटीत होता आणि पुढे इंग्लंडातील आरंभीच्या जनित्रनिर्मात्यांत अग्रगण्य ठरला, त्याच्या नावाच्या कंपनीने १९३७ साली मुंबईत कारखाना काढला. आपल्या मराठी माणसांचे पाऊल किर्लोस्करांच्या रूपाने पडले. लक्ष्मणरावांनी १९१० साली औंध संस्थानात, कुंडल रोड स्टेशनाजवळच्या निवडुंगाच्या माळावर वसविलेल्या किर्लोस्करवाडीने नांगर आणि पंप घडविले होते. आणि १९४६ साली त्यांचे चिरंजीव रवि किर्लोस्कर यांनी म्हैसूर संस्थानात, बंगळूर येथे, मोटरी व जनित्रे यांसाठीच स्वतंत्र कंपनी स्थापिली. रवि यांचे वडीलबंधू शंतनुराव यांचा जन्म १९०३ साली सोलापुरातच झाला, याचा आम्हां सोलापूरकरांस अभिमान वाटावयास हरकत नाही. ओतीव लोखंडाची बॉडी ओतणे हे किर्लोस्करांस नवे नव्हते. नवे होते ते चकत्यांचे ठसे, तारेचे वेष्टण आणि वार्निश, म्हणजे पुन्हा तेच सुटे भाग ज्यांनी युरोपला चाळीस वर्षे अडविले होते.

आमच्या वायंडिंगच्या दुकानांत मात्र आता जुन्या मोटरी येईनाशा झाल्या आहेत. सुती वेष्टणाच्या तारेच्या, कम्युटेटर असलेल्या, पितळी पट्टीवर निर्मात्याचे नाव कोरलेल्या मोटरी तांब्याच्या भावाने भंगारात जातात, आणि मिस्त्रींच्या त्या तेलकट वह्या, ज्यांत दोन-दोन पिढ्यांची मोजमापे नोंदलेली आहेत, त्यांच्या पश्चात रद्दीत. सोलापुरातील तंत्रनिकेतने आणि अभियांत्रिकी महाविद्यालये यांनी या वह्यांच्या प्रती करून आपल्या दप्तरी ठेवाव्यात आणि विद्यार्थ्यांना एक-एक महिना अशा दुकानांत बसविण्याची तजवीज करावी. ज्या वाचकांच्या विहिरीवर किंवा बंद कारखान्याच्या गोदामात अशी जुनी मोटर पडून असेल, त्यांनी ती विकण्यापूर्वी एखाद्या जाणत्या मिस्त्रीस दाखवावी आणि चालण्याजोगी असो वा नसो, जवळच्या तंत्रनिकेतनाच्या स्वाधीन करावी.