'एस्पेरार' : वाट कीं आशा ?



स्पॅनिश भाषेंत 'एस्पेरार' असें एक क्रियापद आहे. त्याचा एक अर्थ वाट पाहणें, दुसरा आशा करणें. आपणांस हे दोन व्यापार अगदीं निराळे वाटतात. आगगाडीची वाट पाहणारा मनुष्य ती वेळेवर येईल अशी आशा बाळगीलच असें नाहीं !

लॅटिनमधील मूळ धातूचा मुख्य अर्थ आशा करणें असा होता. वाट पाहण्याचा अर्थ मागाहून आला. केवळ वाट पाहण्यासाठीं 'आग्वार्दार' असा दुसरा शब्द स्पॅनिशमध्यें आहे, परंतु रोजच्या बोलण्यांत 'एस्पेरार'च अधिक. मग अर्थ ओळखावा कसा ? 'एस्पेरो के बेंगा' म्हणजे तो येईल अशी मला आशा आहे. मध्यें 'आ' हें एकाक्षरी अव्यय घालून 'एस्पेरो आ के बेंगा' म्हटलें, कीं अर्थ झाला : तो येईपर्यंत मी थांबतों. नामें मात्र दोन आहेत. 'एस्पेरा' म्हणजे प्रतीक्षा, 'एस्पेरान्सा' म्हणजे आशा. गर्भवती स्त्री 'शुभ आशेच्या अवस्थेंत' आहे, असा त्या भाषेंत एक गोड वाक्प्रचार आहे.

कोलंबियाचे कादंबरीकार गाब्रिएल गार्सिया मार्केस यांची एका कर्नलाविषयींची लहानशी कादंबरी १९६१ सालीं पुस्तकरूपानें निघाली. यादवी युद्धांत लढलेला हा म्हातारा निवृत्तिवेतनाच्या पत्रासाठीं दर शुक्रवारीं टपालाच्या लाँचीकडे जातो. अशीं पंधरा वर्षें गेलीं आहेत. लेखकाच्या आजोबांनींही १८९९ ते १९०२ च्या युद्धानंतर अशीच वाट पाहिली होती. त्यांना कांहीं मिळालें नाहीं.

ती कादंबरी मीं भाषांतरांत वाचली, आणि मला माझे सोमवार आठवले. माझें निवृत्तिवेतन एका कचेरींत चौदा महिने अडकलें होतें. दर सोमवारीं मी तेथल्या बाकावर जाऊन बसत असें. घरीं मंडळी विचारीत, "आज काय झालें ?" मी म्हणें, "वाट पाहतों आहें." अकराव्या महिन्यापासून आशा उरली नव्हती, तरी सोमवार चुकविला नाहीं. मराठींत हें सरळ सांगतां येतें, आणि आपल्या भाषेनें हे शब्द वेगळे ठेविले हें मला बरें वाटतें. स्पॅनिशमध्यें मला म्हणावें लागलें असतें, 'एस्पेराबा सिन एस्पेरान्सा' : क्रियापद आशेच्या धातूचें, आणि लगेच पुढें आशा नाहीं म्हणून सांगावयाचें.