नदीचे अंगण

यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्व सीमेवरून वर्धा नदी वाहते आणि दक्षिण सीमेवरून पैनगंगा. बेंबळा नदी वर्धेला मिळते. पूस, अरुणावती व अडाण या नद्या पैनगंगेला मिळतात. नदी म्हणजे दोन काठांमधील पाणी, असे आपण समजतो. वस्तुतः नदीचा विस्तार त्याहून फार मोठा आहे. ज्या भूमीवरील पावसाचे पाणी ओहोळांतून व नाल्यांतून नदीला येऊन मिळते, ती सारी भूमी नदीचे पाणलोट क्षेत्र होय. शेते, कुरणे, राने, गोठे आणि गावे हे जणू नदीचे अंगणच!

या जिल्ह्यातील पुष्कळशी जमीन काळी, कपाशीची आहे. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. पावसाने भिजून ती फुगली, म्हणजे भेगा मिटतात; मग पाणी आत फारसे मुरत नाही, उतारावरून धावू लागते. धावताना ते माती, उकिरड्यावरील शेण आणि उघड्यावरील मैला आपल्याबरोबर नदीत नेते. विष्ठेत असंख्य जंतू असतात. ते सर्वच अपायकारक नसतात. परंतु पटकी, विषमज्वर व हगवण या रोगांचे जंतू याच वाटेने पाण्यात शिरतात.

गाळ खाली बसला, की पाणी नितळ दिसते. पण नितळ पाणी शुद्ध असतेच असे नाही. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाला कलकत्त्यातील एका तळ्याच्या पाण्यात पटकीचे जंतू आढळले. त्याच तळ्याचे पाणी लोक पीत होते! आज प्रयोगशाळेत पाण्यात 'ई. कोलाय' नावाचे जंतू आहेत की काय, हे पाहतात. हे जंतू माणसांच्या व जनावरांच्या आतड्यांत राहतात. ते पाण्यात सापडले, तर त्यात विष्ठा मिसळली आहे, हे निश्चित. पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात असा एकही जंतू आढळता कामा नये, असा भारतीय मानकाचा नियम आहे.

यावर उपाय कोणता? पाणी उकळून प्यावे, हे तर खरेच. परंतु मूळ उपाय जमिनीवरच केला पाहिजे. उतारास आडवी नांगरट केली, तर पाण्याचा वेग मंदावतो. काठावर गवताचा व झाडांचा पट्टा राखला, तर पाणी तेथे अडखळते आणि गाळाबरोबर पुष्कळ जंतूही मागेच राहतात. गोठा व उकिरडा नाल्यापासून दूर असावा, शेण खड्ड्यात कुजवून त्याचे खत करावे आणि प्रत्येकाने शौचालय वापरावे.

शेजारच्या अमरावती जिल्ह्यात १८७६ मध्ये जन्मलेले संत गाडगेबाबा हाती खराटा घेऊन गावोगावचे रस्ते झाडीत असत. त्या झाडण्याचा लाभ गावापुरताच राहत नाही. वरच्या गावाने केलेली घाण खालच्या गावाच्या घागरीत येते. वरच्या गावाने राखलेली स्वच्छताही तेथवर पोहोचते. नदी निर्मळ हवी असेल, तर आधी तिचे अंगण झाडले पाहिजे.