पाण्यावरचा आरसा

आपली पाठ आपल्याला दिसत नाही, असे आपण सहज बोलून जातो. ज्या खेळात खेळाडूचे शरीरच सुकाणू होते, त्या खेळात या वाक्याचा अर्थ अगदी शब्दशः अनुभवास येतो. विंडसर्फिंग करणारा हौशी खेळाडू वळण घेताना पाण्यात पडतो, वर येतो आणि किनाऱ्यावरच्या मित्राला सांगतो, ‘‘गुडघे चांगले वाकवले होते, नजरही समोर होती. वाऱ्याचा झोतच अचानक आला.’’ मित्राने मोबाइलवर टिपलेले दृश्य मात्र वेगळेच सांगते. पाय काठीसारखे ताठ आहेत, मान खाली झुकलेली आहे आणि शेजारून जाणाऱ्या दुसऱ्या शिडावर वाऱ्याच्या झोताची खूणही नाही. हे दृश्य पाहताना होणारा ओशाळेपणा ही सुधारणेची पहिली पायरी असते. हौशी मंडळींनी एकमेकांच्या अशा चित्रफिती पाहाव्यात, त्यांवर चर्चा करावी आणि पुन्हा पाण्यात उतरावे, ही पद्धत म्हणूनच या खेळात रुजली. मात्र केवळ कॅमेरा हाती आला म्हणून कौशल्य येत नाही. तो वापरण्याचीही एक रीत आहे.

शरीर हेच सुकाणू

१९६०च्या दशकात अमेरिकेत न्यूमन डार्बी यांनी आणि त्यानंतर हॉयल श्वाइट्झर व जिम ड्रेक यांनी फळीवर शीड उभारण्याचे प्रयोग केले. त्यातून या खेळाने आजचे रूप घेतले. श्वाइट्झर आणि ड्रेक यांच्या रचनेतील खरी किमया होती ती डोलकाठीच्या बुडाशी. तेथे बसवलेल्या सर्व दिशांना वळणाऱ्या सांध्यामुळे डोलकाठी हवी तशी कलवता येऊ लागली. साहजिकच सुकाणूची गरज उरली नाही. शीड पुढे झुकवले की फळी वाऱ्यापासून दूर वळते, मागे झुकवले की वाऱ्याकडे वळते. वेग वाढल्यावर फळीची कड पायाने दाबूनही दिशा बदलता येते. १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकपासून हा खेळ ऑलिंपिकमध्ये आहे. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तर फळीखाली पाण्यातले पंख, म्हणजेच हायड्रोफॉइल, लावलेल्या प्रकारात शर्यती झाल्या. साधने बदलली, पण मूळ सूत्र तेच राहिले. खेळाडूच्या अंगातली प्रत्येक चूक तत्काळ फळीच्या चालीत उतरते.

शीड उचलणे, सरळ जाणे, परत येणे हे पहिले धडे बहुतेकांना लवकर साधतात. पुढे कमरेच्या हार्नेसवर शिडाची ओढ पेलणे येते. मग फळी पाणी कापायचे सोडून पाण्यावरून घसरत धावू लागते. याला ‘प्लेनिंग’ म्हणतात. त्यानंतर मात्र प्रगतीची गाडी अडते ती एका ठिकाणी, आणि अनेकांच्या बाबतीत वर्षानुवर्षे तेथेच अडून राहते. ते ठिकाण म्हणजे ‘जाइब’, अर्थात वाऱ्याकडे पाठ करून, वेग न गमावता घेतलेले वळण.

वाटते एक, दिसते दुसरे

जाइब अवघ्या काही सेकंदांत संपते. तेवढ्या अवधीत हार्नेसचा दोर सोडायचा, मागचा पाय पट्ट्यातून काढून वळणाच्या आतल्या कडेवर ठेवायचा, गुडघे वाकवून फळी कलती करायची, शीड पलीकडे फिरू द्यायचे, पायांची अदलाबदल करायची आणि नव्या दिशेने पुन्हा वेग पकडायचा. इतक्या गोष्टी एकामागून एक घडताना मनाला त्यांची नोंद ठेवणे शक्य नसते. पडल्यानंतर आठवते ते शेवटचे दृश्य, म्हणजे पडणे. चूक मात्र त्याआधीच घडून गेलेली असते.

या बाबतीत सर्वांत बोलके उदाहरण वेगाचे आहे. वळणात शिरताना नवख्याच्या मनात भीती असते, म्हणून तो नकळत शीड ढिले सोडतो आणि फळीचा वेग उतरतो. त्याला वाटते, वेग कमी म्हणजे धोका कमी. प्रत्यक्षात घडते नेमके उलट. फळी वाऱ्याच्या दिशेनेच वेगात धावत असेल, तर तिच्यावरच्या माणसाला जाणवणारा वारा कमी होतो आणि शीड हातात हलके होते. फळी मंदावली की तोच वारा पाठीमागून पूर्ण ताकदीने शिडावर आदळतो आणि खेळाडूला पुढे फेकतो. त्याला हा ‘अचानक आलेला झोत’ वाटतो. चित्रफीत सावकाश चालवून पाहिली की फळी वळणापूर्वीच मंदावलेली दिसते, तिच्या मागचा फेसाळ पट्टा तुटलेला दिसतो आणि वाऱ्यावरचा आरोप मागे घ्यावा लागतो.

इतर चुकाही अशाच पडद्यावर उघड होतात. नजर वळणाच्या शेवटाकडे असण्याऐवजी पायांकडे असते. मागच्या पायावर नको तेवढा भार पडल्याने फळीचे शेपूट बुडते आणि नाक वर उचलले जाते. कडेवरचा दाब मध्येच सुटतो आणि गोलाईदार वळणाऐवजी पाण्यावर एक कोन उमटतो. खेळाडूला यातले काहीही जाणवलेले नसते.

जगज्जेत्याची चित्रफीत की शेजाऱ्याची?

मग नामवंत खेळाडूंच्या चित्रफिती पाहिल्या तर काय हरकत आहे, असा प्रश्न कोणीही विचारील. वयाच्या तेराव्या वर्षी, १९७६ मध्ये, जगज्जेता झालेल्या रॉबी नेश याच्यासारख्यांचे कौशल्य पाहणे हा आनंदच आहे. तथापि, आनंद आणि शिक्षण यांत फरक असतो. मायकल कार्डस आणि एड ओब्रायन या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग या दृष्टीने उद्बोधक आहेत. नेमबाण फेकण्यासारख्या कृतींची चित्रफीत काही जणांना एकदा, तर काहींना वीस वेळा दाखवण्यात आली. वीस वेळा पाहणाऱ्यांचा आत्मविश्वास वाढला, पण प्रत्यक्ष कामगिरी सुधारली नाही. केवळ पाहिल्याने ‘हे मला जमेल’ असा भास तेवढा होतो.

दुसरीकडे, रोहबनफर्ड आणि प्रोटो या अभ्यासकांनी २०११ मध्ये ठरावीक लयीत हात हलवण्याच्या कृतीवर केलेल्या प्रयोगात निष्णात आणि नवखा अशा दोघांनाही पाहणाऱ्यांचे शिक्षण अधिक चांगले झाल्याचे आढळले. कारण उघड आहे. निष्णाताकडून ध्येय कळते आणि नवख्याकडून त्या ध्येयापर्यंतच्या वाटेवर कोठे पाय घसरतो ते कळते. जगज्जेत्याच्या जाइबमध्ये सारे इतके सहज घडते की शिकणाऱ्याच्या डोळ्यांना पकडायला काही सापडत नाही. आपल्याच वजनाच्या, आपल्याच वाऱ्यात, आपल्यासारख्याच फळीवर धडपडणाऱ्या सोबत्याची चित्रफीत म्हणूनच मोलाची. त्याची चूक आपल्याला चटकन दिसते आणि थोड्याच वेळात ‘आपणही हेच करतो’ हे ध्यानात येते.

चित्रण कसे करावे?

पूर्वी यासाठी जड कॅमेरा, तिवई आणि किनाऱ्यावर थांबायला तयार असलेला उदार मित्र लागत असे. २००२ मध्ये लाटांवर स्वार होण्याच्या सहलीत निक वुडमन या तरुणाला मनगटाला बांधता येईल अशा कॅमेऱ्याची कल्पना सुचली आणि २००४ मध्ये ‘गोप्रो’चा पहिला, फिल्मवर चालणारा कॅमेरा बाजारात आला. पुढे असे छोटे जलरोधक कॅमेरे आणि मोबाइल यांनी चित्रण सर्वांच्या आवाक्यात आणले.

कोन निवडताना मात्र प्रश्न आधी ठरवावा. डोलकाठीवर लावलेला कॅमेरा खेळाडूचे पाय, गुडघे आणि नजर दाखवतो, पण फळीने पाण्यावर काढलेली गोलाई त्यात नीट दिसत नाही. किनाऱ्यावरून घेतलेल्या दृश्यात गोलाई आणि वेग कळतो, पावलांचा तपशील हरवतो. शिरस्त्राणावरचा कॅमेरा रोमांचक दृश्ये देतो खरी, पण त्यात खेळाडू स्वतःच नसतो. फार तर त्याची नजर कोठे होती, एवढे कळते. शक्य असल्यास एकच वळण किनाऱ्यावरून आणि डोलकाठीवरून असे दोन्हीकडून टिपावे. सेकंदाला १२० चित्रे घेण्याची सोय असल्यास ती वापरावी, म्हणजे सावकाश पाहताना दृश्य पुसट होत नाही.

चित्रफीत सोबत्यांना दाखवताना चार गोष्टी अवश्य सांगाव्यात. वारा कोणत्या दिशेने आणि साधारण किती होता, शीड किती चौरस मीटरचे होते, फळी किती लिटरची होती आणि आपण नेमके काय करू पाहत होतो. एवढे ठाऊक नसताना दिलेला सल्ला हा नाडी न पाहता दिलेल्या औषधासारखा असतो. शिवाय अर्ध्या तासाचे चित्रण पुढ्यात ठेवू नये. वीस सेकंदांची तीन वळणे पुरेशी असतात, आणि त्यांतले एक तरी त्यातल्या त्यात बरे जमलेले असावे.

सल्ला शरीराविषयी नको, फळीविषयी हवा

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. हालचालींच्या शिक्षणाचा अभ्यास करणाऱ्या गाब्रिएले वुल्फ या शास्त्रज्ञ स्वतः विंडसर्फिंग करीत. जाइबचा सराव करताना पाय कोठे आहेत, त्यांचा दाब किती आहे, शरीराचा तोल कोठे आहे याकडे लक्ष देऊन त्या तासन् तास पाण्यात पडत राहिल्या. मग त्यांनी सारे सोडून केवळ फळीच्या कलाकडे लक्ष द्यायचे ठरवले आणि वळण लगेच जमले. या अनुभवातून प्रेरणा घेऊन त्यांनी सहकाऱ्यांसह १९९८ मध्ये स्कीइंगच्या कृत्रिम यंत्रावरील प्रयोग प्रसिद्ध केला. आपल्या पायांकडे लक्ष देणाऱ्यांपेक्षा पायाखालच्या यंत्राच्या चाकांकडे लक्ष देणारे अधिक चांगले शिकले. त्यानंतर अनेक खेळांत या तत्त्वाचा पडताळा घेण्यात आला. शरीराचे सूक्ष्म समायोजन जाणीवपूर्वक करू गेल्यास ते बिघडते. लक्ष परिणामाकडे ठेवल्यास शरीर आपले काम आपण करते.

चित्रफितीचा धोका नेमका येथेच आहे. पडद्यावर आपल्याला शरीर दिसते, म्हणून सल्लाही शरीराचाच सुचतो. ‘गुडघा वाकव, कोपर सरळ कर, टाच उचल.’ हे सारे लक्षात घेऊन पाण्यात उतरलेला खेळाडू पूर्वीपेक्षाही अवघडतो. चूक शरीरात शोधावी, पण उपाय फळीच्या आणि शिडाच्या भाषेत सांगावा, हे सूत्र सोबत्यांनी पाळायला हवे. ‘गुडघे वाकव’ याऐवजी ‘फळीची आतली कड वळण संपेपर्यंत पाण्यात दाबलेली ठेव’ असे सांगावे. ‘मान वर कर’ याऐवजी ‘वळण संपेल तेथला किनाऱ्यावरचा माड शोध’ असे म्हणावे.

सल्ल्याची मात्राही बेताची असावी. विन्स्टाइन आणि श्मिट यांच्या १९९०च्या प्रयोगात प्रत्येक प्रयत्नानंतर निकाल कळलेल्यांपेक्षा निम्म्याच प्रयत्नांनंतर कळलेल्यांना कृती दुसऱ्या दिवशी अधिक चांगली आठवली. चिव्हियाकोव्स्की आणि वुल्फ यांना २००७ मध्ये असे दिसले, की बऱ्या जमलेल्या प्रयत्नांची माहिती मिळालेल्यांचे शिक्षण फसलेल्या प्रयत्नांची माहिती मिळालेल्यांपेक्षा सरस होते. तेव्हा दर फेरीनंतर किनाऱ्यावर येऊन मोबाइल पाहणे नको. चांगल्या वळणाची चित्रफीत आवर्जून पाहावी आणि एका दिवशी एकच सूचना घेऊन पाण्यात जावे.

आपल्या किनाऱ्यावर

हांगझोऊ येथे २०२३ मध्ये झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताच्या इबाद अली याने विंडसर्फिंगमध्ये कांस्यपदक पटकावले. तरीही हौशी प्रौढाला जवळपास प्रशिक्षक मिळणे आपल्याकडे सोपे नाही. कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर पावसाळा सरल्यानंतरच्या महिन्यांत दुपारी खारे वारे सुटतात आणि त्या दोन-तीन तासांत सरावाची संधी मिळते. जेथे शिक्षक नाही, तेथे चार सोबत्यांचे डोळे आणि एक कॅमेरा ही उणीव बरीच भरून काढू शकतात.

त्यात पथ्येही आहेत. चित्रणाच्या मोहात जमेल त्याहून जोराच्या वाऱ्यात उतरू नये. पहाटेचे मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात आणि थकलेल्या खेळाडूला आत ओढून नेतात, म्हणून तेव्हा एकट्याने जाणे टाळावे. अंगात जीवरक्षक जाकीट असावे. ड्रोन उडवायचा असल्यास २०२१च्या ड्रोन नियमांनुसार त्या भागात परवानगी आहे का, हे आधी पाहावे. आणि दुसऱ्याची पडझड टिपलेली चित्रफीत त्याला न विचारता कोणालाही पाठवू नये. हसू होण्याची धास्ती असेल, तर उद्या कोणी आपली चूक दाखवायला पुढे येणार नाही.

आरसा खोटे बोलत नाही, पण तो शिकवतही नाही. त्यात काय पाहायचे आणि पाहिल्यावर काय विसरायचे, हे सांगायला जाणता सोबती लागतो. पाण्यात उतरताना कॅमेरा, सल्ले आणि स्वतःचे ताठ गुडघेही किनाऱ्यावरच ठेवावेत. सोबत न्यावी ती फक्त एक सूचना, आणि लक्ष असावे ते पायाखालच्या फळीकडे.