हळदीच्या कॅप्सूलमध्ये मिरी कशासाठी?

औषधांच्या दुकानात हल्ली हळदीच्या कॅप्सूलची बाटली काउंटरवरच मांडलेली असते. लेबलावर ‘कर्क्युमिन ९५ टक्के, सोबत काळ्या मिरीचा अर्क’ असं लिहिलेलं असतं. शेजारी ग्रीन टीचा अर्क, द्राक्षबियांचा अर्क, क्वेर्सेटिन. ही सगळी पॉलिफेनॉल, म्हणजे वनस्पतींमध्ये आढळणारी रसायनं. घरातल्या ज्येष्ठांच्या डब्यात रक्तदाबाची किंवा रक्त पातळ करणारी गोळी आधीपासून असते; त्यात या बाटल्यांची भर पडते. डॉक्टरांनी ‘आणखी काय घेता?’ असं विचारलं, तर यांचं नावही निघत नाही. ‘ते काय औषध आहे का?’ माझ्या मते सगळ्यात जास्त धोका याच समजुतीत आहे.

गैरसमज : हळद, मिरी तर आपण रोजच खातो, मग कॅप्सूलने काय होणार?

हिशेब करून पाहू. हळद पावडरीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के असतं. ५०० मिलीग्रॅमच्या एका कॅप्सूलमध्ये ते ४७५ मिलीग्रॅमच्या आसपास भरतं. तेवढं पोटात जायचं तर पंधरा-सोळा ग्रॅम, म्हणजे लहान पाच चमचे हळद खावी लागेल. घरभराच्या आमटीला आपण पाव चमचा घालतो. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने खाद्यरंग म्हणून कर्क्युमिनची रोजची मर्यादा शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे ३ मिलीग्रॅम ठरवली आहे. साठ किलोच्या माणसाला ती १८० मिलीग्रॅम होते. आजीच्या हळद-दुधाचा दाखला या कॅप्सूलला लागू पडत नाही.

गैरसमज : मिरीमुळे हळद चांगली ‘लागते’, एवढंच.

कर्क्युमिन रक्तात फारसं पोहोचतच नाही. आतड्याच्या भिंतीत आणि यकृतात त्याला ग्लुकुरॉनिक आम्ल किंवा सल्फेट जोडलं जातं आणि ते बाहेर टाकलं जातं. शरीराच्या लेखी ते परकं रसायन असतं. मिरीतलं पाइपरीन नेमकी हीच यंत्रणा मंद करतं. बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांचा १९९८ मधला अभ्यास या सगळ्या जाहिरातींच्या मुळाशी आहे. २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत २० मिलीग्रॅम पाइपरीन दिल्यावर रक्तातलं कर्क्युमिन २००० टक्क्यांनी वाढलं. मुळात ते इतकं नगण्य होतं, की वाढूनही फार झालं नाही. शिवाय ही वाढ तासाभरापुरतीच टिकली. लेबलावर फक्त टक्केवारी छापतात.

पण खरी गोम पुढे आहे. जी यंत्रणा कर्क्युमिनला बाहेर काढते, तीच कितीतरी औषधांचाही निचरा करते. पाइपरीन घेतल्यावर फिटसाठीचं फेनिटॉइन, रक्तदाबाचं प्रोप्रॅनोलॉल आणि दम्याचं थिओफायलिन यांचं रक्तातलं प्रमाण वाढल्याचं माणसांवरच्या अभ्यासांत दिसलं आहे. फेनिटॉइन आणि थिओफायलिनच्या बाबतीत उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांच्यात अंतर फार थोडं असतं. वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या गोळीचंही तसंच. ही गोळी घेणाऱ्यांचा ‘आयएनआर’, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, बहुधा २ ते ३ ठेवतात. न्यूझीलंडच्या औषध नियंत्रकांनी २०१८ मध्ये एका रुग्णाची नोंद प्रसिद्ध केली : हळदीचं पूरक सुरू केल्यानंतर त्याचा आयएनआर १० च्या वर गेला होता. इतका आयएनआर म्हणजे जिवावर बेतू शकेल अशा रक्तस्रावाची शक्यता.

गैरसमज : दोन-तीन अर्क एकत्र घेतले की फायद्यांची बेरीज होते.

हे अर्क ‘अँटिऑक्सिडंट’ म्हणून खपवले जातात. अँटिऑक्सिडंटची ताकद परीक्षानळीत मोजून खाद्यपदार्थांना गुण देण्याची एक पद्धत होती. तिचे आकडे शरीरातल्या परिणामाबद्दल काही सांगत नाहीत, हे मान्य करून अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१२ मध्ये आपली यादीच मागे घेतली. बाटल्यांवरची भाषा मात्र अजून तीच आहे.

शिवाय परिणाम उलटाही होतो. स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या स्त्रियांवर रॉटरडॅममध्ये अभ्यास झाला, तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. कर्क्युमिन आणि पाइपरीन सोबत घेतल्यावर या औषधाचं शरीरात तयार होणारं प्रभावी रूप सुमारे १२ टक्क्यांनी घटलं. कर्करोगाशी झुंजताना ‘हळदीने बरंच होईल’ म्हणून कुणी प्रेमाने आणून दिलेली बाटली उपचारातच वजाबाकी करते, हे मला फार लागतं. जपानमधल्या अभ्यासात रोज ग्रीन टी पिणाऱ्यांच्या रक्तात नॅडोलॉल हे रक्तदाबाचं औषध सुमारे ८५ टक्क्यांनी कमी भरलं, कारण आतड्यातून ते आत घेणारी वाटच चहाने अडवली होती.

लोहाची गोष्ट तर घरोघरची. चहातली पॉलिफेनॉल लोहाला धरून ठेवतात आणि ते शोषलं जात नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. त्यांनी तरी लोहाची गोळी चहासोबत घेऊ नये. लिंबूपाण्यासोबत घ्यावी.

गैरसमज : वनस्पतीचं आहे, यकृताला काय होणार?

युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये सांगितलं, की ग्रीन टीच्या अर्कातलं ईजीसीजी हे पॉलिफेनॉल रोज ८०० मिलीग्रॅम किंवा अधिक गेलं, तर यकृताला इजा झाल्याच्या खुणा रक्तात दिसू लागतात. अमेरिकेत हळदीच्या पूरकांमुळे यकृताला इजा झालेल्या दहा रुग्णांचा अहवाल २०२२ मध्ये आला. त्यांतल्या सात जणांमध्ये एक विशिष्ट जनुकीय प्रकार आढळला. आपल्यात तो आहे की नाही, हे बाटली उघडताना कुणालाच माहीत नसतं.

गोळ्या चालू असतील, तर बाटली पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या आणि लेबल दाखवा. शस्त्रक्रिया ठरली असेल, तर त्याआधीच सांगा. कॅप्सूल घेत असताना लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसू लागले, अन्नावरची वासना गेली, तर ती त्याच दिवशी बंद करा आणि यकृताची रक्ततपासणी करून घ्या.