रेसिंग व्हिडिओ गेममधील वळण व गिअरबदल

रेसिंग व्हिडिओ गेममधील वळण व गिअरबदल हे गाडी कमीत कमी वेळ गमावून वळणातून बाहेर काढण्याचे तंत्र आहे. नामको कंपनीच्या 'पोल पोझिशन' (१९८२) या खेळात केवळ दोन गिअर होते. 'ग्रॅन टुरिस्मो' (१९९७) सारख्या पुढील खेळांनी प्रत्यक्ष गाडीच्या वर्तनाचे अधिक बारकाईने अनुकरण केले.

तत्त्व

टायरची पकड मर्यादित असते. वेग कमी करणे, वळणे व वेग वाढवणे या तिन्ही क्रियांना ती वाटून घ्यावी लागते. एकाच वळणावर वेग दुप्पट झाल्यास चौपट बल लागते. म्हणून सरळ मार्गावरच ब्रेक लावून गिअर एकेक करून उतरवतात. गाडी बाहेरच्या कडेने वळणात शिरते, आतील कडेजवळून जाते आणि पुन्हा बाहेरच्या कडेकडे येताना वेग घेते. गिअर फार वरचा राहिल्यास बाहेर पडताना इंजिनाचा जोर अपुरा पडतो.

उदाहरण

ग्रेटर नोएडातील बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किटचा समावेश 'एफ१ २०११' या खेळात आहे. त्याच्या तिसऱ्या वळणानंतर सुमारे एक किलोमीटरचा सरळ मार्ग येतो. तेथे उशिरा ब्रेक लावून वाचवलेला क्षण, बाहेर पडतानाचा वेग घटल्यास, पुढील सरळ मार्गावर व्याजासह गमवावा लागतो.